आगाऊ हिस्सा

फडक्याची गाठ दुहेरी होती — प्रवासात सुटू नये अशी. आणि ज्या घरी ती सोडायची तिथले हात थरथरणार, हे धरून एक टोक लांब ठेवलेले. कृष्णात त्या टोकाकडे पाहत राहिला. आत नाचणीच्या भाकऱ्या, पिठल्याचा डबा. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही म्हणून नातलगांनी शिजवून न्यायचे असते. वडील गेले तेव्हा याच आत्याने, दगडाबाईने, मेढ्याहून असेच गाठोडे आणले होते. आज ती पुन्हा आली होती, माधवनगरच्या त्याच्या फाटकापासूनच गळा काढून — आणि दार त्यानेच उघडले होते.

तिचा हेल लगेच तुटला नाही. त्याच्या खांद्यावरून तिची नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे ती नवा फोटो शोधीत असावी. मग आवाज, पाणी ओसरावे तसा, आपोआप खाली गेला.

हसून सोडावे अशीच ही चूक होती. विमा एजंट नानासोने मेढ्याला फोनवर सहज सांगितले, की कृष्णातच्या विम्याचे पैसे जमा झाले. आणि त्या डोंगरात विम्याचे पैसे माणूस गेल्यावरच येतात. कसा गेला, हे कुणी फोनवर विचारीत नाही, एसटी धरतात. पण दगडाबाई हसली नाही. पायरीवर टेकून तिने विचारले,

"मग पैसं कुणाचं आलं रं?"

कृष्णातने समजावून सांगायला घेतले. वादात त्याने नानासोलाही कलमागून कलम गप्प केले होते. विमा एकच, त्याला गंभीर आजाराची जोड. हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतरची ठरलेली मुदत आपण जगलो, म्हणून पैसे मिळाले, बायपाससाठी. मात्र ते वेगळे नव्हेत. आपल्या मागे बायकोला, विजयमालेला, जी रक्कम मिळायची तिच्यातलेच हे, आगाऊ. उरलेली मागाहून... बोलता बोलता त्याला जाणवले, की कित्येक दिवस आपण स्वतःशी हेच वाक्य निरनिराळ्या क्रमाने मांडतो आहोत. सांगलीचे डॉक्टर शस्त्रक्रियेची तारीख मागत होते आणि तो देत नव्हता. बायकोच्या वाट्यातून हृदय दुरुस्त करायला निघावे आणि टेबलावरच संपावे, तर तिच्या हाती काय उरेल? युक्तिवाद बिनतोड होता.

दगडाबाईने सगळे ऐकून घेतले.

"म्हंजी थोडा गेलायस," ती म्हणाली.

कृष्णात पुढचे कलम सांगायला निघाला. पण दाढी करताना आरशातला डावा गाल हल्ली किंचित उशिरा वळतो, आणि विजयमाला अंथरूण पूर्वीपेक्षा अरुंद घालते, हे त्याला नेमके आताच का आठवावे?

आवाज ऐकून विजयमाला बाहेर आली होती. गाठोडे पाहून ती थबकली, मग ते उचलून आत्याच्या हाती देऊ लागली.

"माघारी न्हेत न्हाईत त्ये," दगडाबाई म्हणाली. "खायाचं असतंय."

विजयमाला, ताजे काही करते म्हणत, घाईने आत वळली. गाठ कृष्णातनेच सोडली. लांब टोक ओढताच ती सुटली. हात मुळीच थरथरला नाही. घास कडू लागेल असे वाटले होते, पण झटक्यानंतर प्रथमच त्याला अशी सपाटून भूक लागली. आतून गॅसच्या लायटरची टकटक येत होती... पुन्हा टकटक... पेट घेतल्याचा आवाज काही येत नव्हता. दगडाबाई त्याच्या हातांकडे एकटक पाहत होती. तेव्हा त्यालाही दिसले — भाकरी त्याने मधोमध मोडली होती आणि एक अर्धी, पिठल्यासकट, समोरच्या रिकाम्या जागेपुढे सरकवली होती.

ती मागे ओढावी असे त्याला वाटले नाही. तारखेचा वाद आपण इतके दिवस भलत्याच माणसाशी घालीत होतो, एवढेच शांतपणे ध्यानात आले. जो थोडा गेला, पैसे त्याचे; त्याला विचारायचेच राहिले होते... घास हातात धरून, समोरचा जेवायला लागण्याची कृष्णात वाट पाहत राहिला.