अठरा नंबरची पट्टी

भंगारवाल्याच्या टेम्पोतून ते मशीन आमच्या दारात उतरलं तेव्हा मी ह्यांना तोंडावर विचारलं, "हे वेल्डिंगचं मशीन आहे की कुणाची तिजोरी गटारातून उपसून आणलीत?" पत्र्याला इतका गंज होता की हात लावला की बोटं लाल व्हायची. करंट कमी-जास्त करायचं वरचं चाक जागचं हलत नव्हतं. पंखा जाम. उंदरांनी केबल कुरतडून ठिकठिकाणी तांबं उघडं पाडलेलं.

"वरवर बघू नकोस," हे म्हणाले. "आतली गुंडाळी तांब्याची आहे. अशी मशीनं आता कोणी करत नाही."

"कोणी करत नाही कारण उचलायला चार माणसं लागतात," मी म्हणाले. भंगारवाला मिशीतल्या मिशीत हसला. हे हसले नाहीत. उजवा हात खिशात घालून मशीनकडे बघत उभे राहिले. हल्ली तो हात बहुतेक वेळ खिशातच असतो.

कारखान्यात ह्यांना सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आलीय का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. दोन पाइप जोडताना ह्यांनी ओढलेली वेल्डिंगची रेघ तशी असायची. तीस वर्षं त्या नावावर काढली. मग हात थरथरायला लागला. आधी कपबशीत, मग सहीत, मग रॉडच्या टोकाला. फोरमनने ह्यांना पाइपावरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं आणि काही महिन्यांनी घरी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय. ते नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. ह्यांचं म्हणणं एकच होतं, की कारखान्यातला करंटच खराब होता. स्वतःचं मशीन असू दे, मग बघा म्हणावं.

मला कळत नव्हतं असं नाही. मी कपडे शिवते. हात आणि यंत्र यांतलं कोण चुकतंय हे शिवणाऱ्या बाईला पहिल्या चार टाक्यांत कळतं. पण माणूस सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला होता आणि आता उठून पाना शोधत होता. अशा वेळी कोण शहाणपणा शिकवायला जाईल?

मागच्या खोलीत मशीन ठेवलं. माझ्या चिंध्यांची पोती तिथून हलवावी लागली, त्यावरून एक भांडण झालं. ह्यांनी झाकण उघडून आतली धूळ हवा मारून काढली. धुळीसोबत उंदराचं घरटं निघालं, आणि त्या घरट्यात माझ्याच चिंध्यांसारखे तुकडे. "बघ, हासुद्धा शिंपीच होता," हे म्हणाले. किती दिवसांनी ह्यांनी चेष्टा केली होती! मी तोंड वाकडं केलं, पण आत जाऊन थोडी रडले.

पंख्याचं बेअरिंग बदललं. चाकाच्या आट्यांत दोन दिवस तेल सोडून ठेवलं, तेव्हा कुठे ते कुरकुरत फिरलं. पत्रा घासून रंगवला. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर मशीन असं खर्जात घुमलं की ह्यांनी डोळेच मिटले.

मग ह्यांनी लोखंडाच्या वीतभर पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पंचाने नंबर ठोकायचा आणि नंबर तसाच समोर ठेवून रेघ ओढायची, ही कारखान्याची शिस्त. वेल्डिंगच्या रेघेला आमच्याकडे शिवण म्हणायचं. तो ह्यांचा जुना विनोद. "तुझी शिवण उसवता येते, माझी येत नाही," असं लग्नापासून ऐकत आलेय. दुसरा विनोद माझ्या डावरेपणाचा. माझी कात्री उलटी, माझं मशीनवरचं बसणं उलटं. "सगळं जग एकीकडे तोंड करून चाललंय आणि आमची ही समोरून येतेय," असं हे पाहुण्यांना सांगायचे.

एक नंबरची पट्टी झाली. हातोडीने वरची राखेसारखी खपली, म्हणजे स्लॅग, उडवली. खाली गांडूळ सरपटत गेल्यासारखी शिवण. कुठे ढीग, कुठे भोक.

"अर्थिंगचा चिमटा सैल आहे," हे म्हणाले.

चिमटा नवा आणला. दोन नंबर, तीन नंबर. गांडूळ. "केबल." केबल बदलली. सहा नंबर. गांडूळ. "होल्डर." मग रॉड दमट आहेत म्हणून ते पत्र्यावर तापवले. पट्ट्या ह्यांनी तारेवर ओळीने टांगल्या होत्या. दर खेपेला खापर मशीनच्या डोक्यावर फुटायचं आणि ते बिचारं मुकाट्याने घुमत राहायचं.

बारा नंबरनंतर ह्यांनी कारखान्यातल्या जुन्या वायंडरला बोलावलं. मोटारींची, ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी भरणारा माणूस. त्याने मीटर लावून सगळं तपासलं, कान लावून ऐकलं.

"ओळंबा, मशीन चांगलं आहे," तो म्हणाला. "नव्यापेक्षा चांगलं."

"नीट बघितलंस का?"

"माझं आयुष्य यात गेलंय रे."

"मग फुकट गेलं," हे म्हणाले. इतक्या जुन्या मित्राला! वायंडरने मीटर गुंडाळला आणि जाताना दारात माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. फक्त बोलायचं कोणी हा प्रश्न होता.

ज्या दिवशी माझ्या हातून ती गोष्ट घडली त्या दिवशी ह्यांना दवाखान्यात जायचं होतं. सकाळी ह्यांनी सतरा आणि अठरा अशा दोन पट्ट्यांवर नंबर ठोकून ठेवले, हाताला आली त्या एकीवर आकडा न बघताच रेघ ओढली, आणि स्लॅग न उडवताच निघून गेले. हल्ली रेघ बघायचंच त्यांच्या जिवावर यायचं. मी झाडायला मागच्या खोलीत गेले. सतरा नंबरचा स्लॅग उडवला. गांडूळ. ती पट्टी मी भंगाराच्या बादलीत टाकली.

आणि मग कोण जाणे काय झालं, मी ह्यांचे हातमोजे चढवले. मला एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. मशीन खरंच बिघडलेलं असू दे, असं मनापासून वाटत होतं. अठरा नंबरची पट्टी टेबलावर ठेवली, तोंडापुढे काच धरली आणि डाव्या हाताने रॉडचा होल्डर. पहिल्यांदा रॉड चिकटला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उजेड पडला. हे तीस वर्षं घरात बडबडत आलेत, 'हात ओढू नको, नुसता जाऊ दे, श्वास सोड.' मी श्वास सोडला. काचेपलीकडे लोखंड पातळ झालं होतं आणि माझा हात, रोज मैलभर शिवण घालणारा हात, आपला जात राहिला.

पट्टी निवता निवता स्लॅग आपोआप सुटून आला. खाली सरळ शिवण होती. बारीक, सारख्या टाक्यांची.

मला आनंद झाला नाही. पट्टी थंड झाली की कुठेतरी पुरून टाकायची असं ठरवून मी तिथेच बसले. तेवढ्यात पुढच्या दारात गिऱ्हाईक आलं. बाईला परकर लांब झाला होता, तिने बोलण्यात चांगला तासभर खाल्ला. ती गेली आणि मी मागे वळले, तर हे दवाखान्यातून येऊन मागच्या खोलीत उभे. हातात अठरा नंबर.

"अगं, इकडे ये. सकाळची पट्टी बघ!"

मी गेले.

"काल चाक अर्धा आटा मागे घेतलं होतं मी. तेवढ्यानेच. तुला सांगत होतो ना करंटचा दोष आहे!" ह्यांचा चेहरा लग्नात होता तसा झाला होता. "बोल की."

बोलायची वेळ तीच होती. "छान आहे," मी म्हणाले, आणि मूग गिळून गप्प बसले. माझी चूक ती. रेघ ओढली ती चूक नव्हे.

संध्याकाळच्या आत ह्यांनी शेजारच्या शिक्षिकाबाईंना शब्द देऊन टाकला. त्यांच्या म्हाताऱ्या आईला जिना चढताना धरायला कठडा हवा होता. पुढचे आठ दिवस घरात वेगळाच माणूस वावरत होता. मापं घेतली, पाइप कापले, तोंडं घासली. जेवताना दुसऱ्यांदा वाढायला सांगितलं. वायंडरला फोन करून म्हणाले, "माफ कर, तोंडाचा पट्टा सुटला होता माझा." मी रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग हे शीळ घालत मागच्या खोलीत जायचे आणि माझं धैर्य गळून पडायचं. म्हाताऱ्या बाईचा हात त्या कठड्यावर पडणार होता. हे मला कळत होतं, तरी मी गप्प होते. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी हे कठडा जोडायला बसले. मी पुढे शिवत होते. मागून मशीन घुमायला लागलं, मग तडतड, मग थांबलं. पुन्हा तडतड. पुन्हा थांबलं. असं पाच-सहा वेळा. मग मशीन बंद केल्याचा खटका ऐकू आला आणि नंतर काहीच नाही. मी पायडलवरचा पाय काढला आणि मागे गेले.

हे स्टुलावर बसले होते. नव्या जोडाशी ताडून बघायला त्यांनी तारेवरून अठरा नंबर काढला असावा. पट्टी मांडीवर होती, नंबर डाव्या कोपऱ्यात. रेघ संपते तिथे रॉड उचलताना एक छोटा खड्डा राहतो. त्या खड्ड्यावर ह्यांनी बोट ठेवलं होतं. तो डाव्या टोकाला होता, नंबरच्या बरोबर खाली.

"मी डावीकडून उजवीकडे जातो," हे हळू म्हणाले. "तीस वर्षं."

मी दाराला धरून उभी राहिले.

"ही समोरून आलीय."

"अहो, मी सांगणार होते..."

"सरळ आहे," हे म्हणाले. शिवणीवरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, शिवण नाही. "पहिलीच?"

मी मान हलवली. ह्यांनी ओरडावं, पट्टी फेकून मारावी, असं मला वाटत होतं. ह्यांनी मशीनच्या रंगवलेल्या पत्र्यावर हात ठेवला.

"म्हणजे मशीन चांगलं आहे," हे म्हणाले.

मी रडायला लागले. रडता रडताच म्हणाले, "तुम्ही शेजारी बसा, मला सांगा, मी जोडते कठडा."

"एका रेघेवर कोणाच्या आईला जिना चढवू नये," हे म्हणाले. ते रागावून नाही, कारखान्यात नव्या माणसाला सांगावं तसं. मग स्वतः उठून शेजारी गेले आणि शिक्षिकाबाईंना दुसरा माणूस बघायला सांगून आले.

आल्यावर माझ्या शिवणाच्या टेबलाशी बसले. पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला.

"तू लिही. माझं अक्षर आता कोणाला लागत नाही."

मी पेन घेतलं.

"जुनं वेल्डिंग मशीन विकणे आहे. तांब्याची गुंडाळी. पंखा, केबल, होल्डर नवीन." ह्यांनी लिहिलेलं वाचून घेतलं. "पुढे लिही, मशीनमध्ये दोष नाही."

मी लिहिलं.

"त्याच्याखाली रेघ मार," हे म्हणाले. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता. "सरळ मार."

मी मारली. सरळच आली.