टोकावरची जागा

आईला टोकावर पुरलं होतं आणि बाबांना तिच्याशेजारी जागा हवी होती. शेवटच्या आजारात त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. ते मागणं घेऊन मी आणि काका शववाहिकेसोबत नौदलाच्या चौकीवर उभे होतो.

टोक म्हणजे आमच्या द्वीपकल्पाचा शेवट. मुख्य भूमीशी त्याला एक चिंचोळी पट्टी जोडते. समोरच्या सामुद्रधुनीतून प्रत्येक जहाजाला जावंच लागतं, म्हणून ते कुणालाच सुखानं लाभलं नाही. एका राजवटीनं तिथे बुरूज बांधला, दुसरीनं तो पाडून त्याच दगडांचा धक्का केला, तिसरीनं धक्क्यावर तोफा चढवल्या. मधल्या मधे लोक मासे सुकवत, भांडत, पोरं वाढवत राहिले. त्यांचे शेवटचे मुलकी प्रशासक माझे बाबा. नौदलानं टोक मागितलं तेव्हा वस्ती हलवणं त्यांच्या गळ्यात पडलं.

कुणी हलेना. मग बाबांनी आधी स्वतःचं घर रिकामं केलं. भर दुपारी, सगळ्यांना दिसेल असं. आई तोवर गेलेली होती, तिचं शिवणयंत्रही ट्रकवर चढलं. साहेबच निघाले म्हटल्यावर बाकीच्यांचा धीर सुटला. ताब्याचा दिवस उजाडला तेव्हा गाव बांधाबांध करत होतं. त्या दिवशी जे टोकावर राहत होते, त्यांना मेल्यावर परत येता येईल, ही अट बाबांनीच भांडून मिळवली होती.

"तुमचे वडील त्या दिवशी रहिवासी नव्हते, ताई," चौकीवरचा अधिकारी म्हणाला. माझ्याहून बराच लहान होता.

काका उसळले. "अहो, तो इथला कर्ताधर्ता होता!"

"मग त्यांना नियम ठाऊक असणार."

"ठाऊक? केला त्यानंच! दुसऱ्याचं भलं करताना स्वतःला वगळायची खोडच होती त्याला. पाहुणे आले की हा उपाशी, वर आम्हालाही उपाशी ठेवायचा."

अधिकाऱ्याला हसू आलं. ते त्यानं गिळलं.

"माझी आई आहे आत," मी म्हणाले. "तिचा नवरा म्हणून तरी सोडा."

"मी वर विचारलं, ताई. दोनदा." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "सोडलं असतं तरी उपयोग नव्हता. धावपट्टी लांबवतायत. दफनभूमीची सगळी जागा जाणार आहे."

"आणि तिथली माणसं?"

"काढून त्या चिंचोळ्या पट्टीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आणतील. तुम्हाला कळवतील."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे वहिनीच इकडे येतील! पोरी, मग दादाला अलीकडेच ठेवू. शेजारी जागा राखू."

मला हे सुचलं नव्हतं. क्षणभर मीही जागा कुठली, सावली कुठून येईल, असला विचार करू लागले.

"आईचं वेगळं देतील ना?" मी विचारलं.

अधिकारी चौकीच्या फाटकाच्या आडव्या खांबाकडे पाहत राहिला. "जुन्या खुणा पुसल्या आहेत, ताई. सगळ्यांचं एकत्रच आणणार. मोठा खड्डा एकच, वरून काँक्रीट."

मागे पाण्याचे टँकर खोळंबले होते, हॉर्न वाजवत होते. मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं.