पन्नाशीच्या आत डोंगर

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना चौथ्या मजल्यावर होता आणि त्या दिवशी लिफ्ट बंद होती. कवळीताईने हातातला डबा छातीशी धरला आणि जिना चढायला घेतला. कवळ्या बनवणं हा तिचा सव्वीस वर्षांचा धंदा. त्यामुळे नातेवाईक सोडले तर सगळ्या गावाला ती कवळीताई म्हणूनच ठाऊक होती. काम सगळं बसून. समोर प्लास्टरचे साचे, डाव्या हाताला मेण वितळवायचा दिवा, उजव्या हाताला घासायचं बारकं यंत्र आणि खाली एक गोल स्टूल. सव्वीस वर्षांत तीन स्टुलं झिजली होती. ती मात्र झिजली नव्हती, उलट चहूबाजूंनी वाढली होती.

दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. ज्यांची कवळी आणली होती ते आजोबा मोठ्या खुर्चीत आ वासून बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, लगबगीने उठले आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "आधी तुम्ही बसा. माझं काय, मी वर्षभर थांबलोय."

आणि ती खरंच बसली. तेच तिला नंतर जास्त लागलं.

त्या रात्री जेवताना तिने जाहीर करून टाकलं, "पन्नाशीच्या आत मी तो मागचा डोंगर चढणार. पार टोकापर्यंत."

नवऱ्याने खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते काय उगाच?"

"चार महिने आहेत माझ्याकडे."

"डोंगराकडे त्याहून जास्त आहेत," तो म्हणाला आणि भात वाढून घेतला.

निघता निघता दारात थांबलेली नणंद मात्र टुणकन उडालीच. ती पोस्टात होती, गावाच्या चढावरच्या गल्ल्या तिच्याकडे. रोज खांद्यावर पिशवी अडकवून तीनेकशे घरं करायची आणि वर संध्याकाळी येऊन भावाच्या घरी उभ्याउभ्याच चहा प्यायची. बसायची म्हणून नाही. "वहिनी, मी नेते तुला," ती म्हणाली. "पण मी सांगीन तसं ऐकायचं. कुरकुर चालणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून वहिनीची रवानगी जिन्यावर झाली. सकाळी राहत्या इमारतीचे पाच मजले, आधी एकदा, मग दोनदा, महिन्याभरात सहादा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात दोनदा दार उघडून विचारलं, काही हरवलंय का. शनिवारी नणंदेबरोबर टपालाची फेरी. नणंद पुढे, वहिनी मागे, आणि मधलं अंतर हळूहळू कमी होत चाललेलं. सुरुवातीला वहिनी कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत नणंदेची पुढची गल्ली वाटून व्हायची. तिसऱ्या महिन्यात दोघी बोलत चालायला लागल्या. म्हणजे नणंद बोलायची. पण वहिनीलाही मध्येमध्ये "हो का?" म्हणण्याइतका श्वास उरायला लागला.

वाढदिवसाला तीन आठवडे असताना दोघी निघाल्या. पहाटेची बस, पायथ्याला उतरल्या तेव्हा नुकतं फटफटत होतं. पहिला तास झाडीतून, छान सावलीचा. दुसऱ्या तासात वहिनीच्या पोटऱ्या बोलायला लागल्या, तिसऱ्यात ओरडायला. निम्म्या वाटेवर एक पत्र्याची शेड होती, खाली बाकडं. तिथे दोघींनी पाणी प्यायलं, सुका मेवा खाल्ला आणि पुन्हा चालू लागल्या. वहिनी वर बघायचीच नाही. पुढच्या दगडावर पाय, मग त्याच्या पुढच्या. तीन महिन्यांत तिला एवढं कळलं होतं, की डोंगराकडे बघितलं की तो मोठा होतो.

शेवटचा खडकाळ चढ समोर आला. वरच्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, इतकं टोक जवळ.

"वहिनी, परत फिरू," नणंद म्हणाली.

"काय?"

"ढग येतायत. वर अडकलो तर पंचाईत."

वहिनीने आकाश बघितलं. "कुठे आहेत ढग?"

"पलीकडून येतात इथे. तुला नाही कळणार. मी सांगीन तसं ऐकायचं, ठरलंय ना आपलं?"

ठरलं तर होतं. वहिनी दात-ओठ खात मागे वळली. उतरताना ती पुढे होती आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली. दिवसभर आकाश धुतल्यासारखं स्वच्छ राहिलं.

मग घरात अबोला. नणंद चहाला यायची बंद झाली. नवरा दोघींच्या मध्ये सापडला. त्याने एकदा "ढगांचं काही सांगता येत नाही गं" म्हणून बघितलं, तर त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. वाढदिवस आला आणि गेला. पन्नास पूर्ण झाली. डोंगर होता तिथेच होता.

पुढच्या गुरुवारी भरदुपारी नणंद वहिनीच्या कामाच्या खोलीत आली. खांद्यावर पिशवी नव्हती. ती सरळ कोपऱ्यातल्या जुन्या स्टुलावर बसली आणि उजवा पाय लांब केला. तिला बसलेली बघून वहिनीने यंत्र बंद केलं.

"ढग नव्हते गं," नणंद म्हणाली. "गुडघा होता."

"कुणाचा?"

"माझाच, आणखी कुणाचा! वर्षभर दुखतोय. शेडच्या पुढे कशीबशी आले, खडकाशी तर पाऊल टाकवेना. साहेबांना कळलं तर मला खिडकीमागे बसवतील, म्हणून कुणाला बोलले नाही. आणि तू अशी तरतर चढत होतीस... कुठल्या तोंडाने सांगणार होते, की मला जमत नाही?"

वहिनी हातातल्या मेणाच्या दातांकडे बघत राहिली. राग आणावा म्हणून तिने जरा प्रयत्नही केला. पण "तरतर" हा शब्द तिच्याबद्दल आजवर कुणी वापरला नव्हता.

"मी तरतर चढत होते?"

"शेळीसारखी."

मग जे हसू फुटलं ते दोघींना आवरेना. प्लास्टरची पूड उडून दोघी पांढऱ्या झाल्या. हसता हसता नणंदेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. वहिनीने खोलीला कुलूप लावलं, तिला हाताला धरून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. पट्टा, व्यायाम आणि दोन महिने फेरी बंद.

"पण डोंगरातल्या शेडपर्यंत सावकाश चालले तर?" नणंदेने विचारलं.

"काठी घेऊन," डॉक्टर म्हणाले, "आणि फुशारकी घरी ठेवून."

पन्नाशी उलटून अकरा दिवस झाले होते तेव्हा दोघी पुन्हा निघाल्या. शेडपर्यंत यायलाच मागच्यापेक्षा तासभर जास्त लागला. नणंद बाकड्यावर टेकली, पाय पसरला आणि थर्मास उघडला. "जा. आता थांबू नकोस. आणि खडकावर दोन हात, दोन पायांतले तीन टेकल्याशिवाय चौथा हलवायचा नाही."

वहिनी एकटी निघाली. एकटीने चालताना स्वतःच्या श्वासाचा आवाज फार मोठा वाटतो. खडकाशी आल्यावर ती थांबली. दोनदा वाटलं, कोण बघतंय, इथूनच फिरावं. मग तिने हात टेकले. तिचे हात बारीक कामाचे, खाचा ओळखणारे. बोटं आपोआप धरायची जागा शोधत गेली. एकदा पाय घसरला, गुडघा खरचटला, तोंडून एक शिवी गेली जी तिला येते हे तिलाच माहीत नव्हतं. आणि मग एकदम पुढे दगडच उरला नाही. वारा होता.

वर एक सिमेंटचा ठोकळा होता आणि त्यावर कुणाचा तरी विसरलेला हातमोजा. बाकी कोणी नव्हतं. तिने ठोकळ्याला हात लावला. रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली होती.

फोन लावला. "पोहोचलीस?" नणंद ओरडली.

वहिनीला धाप लागली होती. ती नुसती फोनमध्ये श्वास घेत राहिली.

"पोहोचलीस! काय दिसतंय? सांग की!"

"गाव," वहिनी कशीबशी म्हणाली. "तुझ्या गल्ल्या दिसतायत सगळ्या. केवढ्या चढाच्या आहेत गं! आणि रोज जातेस तू तिथे?"

फोनवर पलीकडे थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मग नणंद म्हणाली, "थर्मासमधला चहा संपवते आहे मी. लवकर उतर."

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण आता काठीवाली पुढे होती आणि पुढे तिलाच चालू द्यायचं वहिनीने ठरवलं होतं. बस गाठता गाठता नाकी नऊ आले. घरी नवऱ्याने दार उघडलं, दोघींच्या मातीने माखलेल्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "मग? कसा आहे जवळून?"

"बरा आहे," वहिनी म्हणाली. "तुम्हीही सोमवारपासून जिना सुरू करा."