आडवा एकाहत्तर, उभा अठ्ठ्याण्णव

टेबलावर आडव्या ठेवलेल्या संगणकाचा प्रोसेसर पूर्ण जोराने काम करताना एकाहत्तर अंश सेल्सियसवर स्थिर राहत असे. तोच संगणक उचलून टेबलाखाली उभा केला, की सहा मिनिटांत तोच प्रोसेसर अठ्ठ्याण्णव अंशांवर जाई आणि संगणक आपोआप बंद पडे. खोली तीच, काम तेच, पंखेही तेच.

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. कूलर म्हटल्यावर खिडकीत बसवलेला, पाणी भरायचा मोठा खोका तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो कृपया पुसून टाका. मी संगणकाच्या पोटात राहतो. तांब्याचा सपाट तळ, त्यातून निघालेल्या सहा तांब्याच्या नळ्या, त्या नळ्यांवर ओवलेले ॲल्युमिनियमचे शंभरेक पातळ पत्रे आणि दोन पंखे, एवढाच माझा संसार. वजन एक किलो तीनशे ग्रॅम. मी गारवा तयार करतो असा गैरसमज आहे. मी गारवा वगैरे काही तयार करत नाही. प्रोसेसरची उष्णता उचलतो आणि पंख्यांच्या वाऱ्यात नेऊन टाकतो. खरे सांगायचे तर मी हमाल आहे, आणि हमालीची मला लाज नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सगळ्यात शेवटी एका कामगार बाईने माझा तळ घासून पुसला, त्यावरून एकदा बोट फिरवले, मान हलवली आणि मला खोक्यात ठेवले. तिचा चेहरा मला आठवत नाही, बोट आठवते. माझ्या सपाटीचे श्रेय तिला आहे.

नंतर एका दुकानाच्या फळीवर मी चार महिने बसून होतो. शेजारी पाण्यावर चालणारे, रंगीत दिव्यांचे कूलर होते. गिऱ्हाइके त्यांच्याकडे पाहत आणि माझ्यावर पिशवी टेकवत. अशात एक दिवस तिघेजण आले. पुढे एक तरुण बाई, तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ, आणि त्याच्या मागे हातात मोजपट्टी घेतलेली त्यांची आई. भाऊ तिला ताई म्हणत होता, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो.

ताईचा व्यवसाय जरा वेगळा होता. इमारतीतली हवा कुठून शिरते, कुठे कोंडते आणि कुठून बाहेर पडते, याचे गणित ती मांडत असे. असे एकेक गणित दिवसदिवस चाले. त्यासाठी तिने जबरदस्त ताकदीचा प्रोसेसर घेतला होता, आणि आता त्याला साजेसा कूलर हवा होता.

दुकानदाराने दिवेवाला पुढे केला. "मॅडम, हा बघा. पाण्यावर चालतो, सोळा रंग बदलतो. मोबाईलवरून!"

"रंग बदलला की किती अंश कमी होतात?" ताईने विचारले.

दुकानदार हसला. "अंश नाही होत हो कमी. शोभा येते."

"शोभेला आमची आई आहे घरात."

"माझ्याकडे बघून बोल," आई म्हणाली.

मग ताईने मोजके प्रश्न विचारले. तासन्‌तास सतत चालताना किती वॉट उष्णता बाहेर टाकतो? उंची किती? मेमरीच्या पट्ट्यांना अडतो का? पूर्ण वेगात आवाज किती? दिवेवाल्याच्या खोक्यावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. माझ्या खोक्यावर सगळी होती. खोके विकत घेतल्याशिवाय उघडायचे नाही असा दुकानाचा नियम होता, पण दुकानदाराने ते उघडले. आईने माझ्या डोक्यापर्यंत मोजपट्टी लावली. एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये जागा होती एकशे पासष्ट.

"सात मिलिमीटर राहतात," ताई म्हणाली. "पुरेत?"

"सात म्हणजे मैदान आहे," आई म्हणाली.

भावाने मला हातात तोलून पाहिले. "ताई, हे धूड घेणार तू? ट्रकचा रेडिएटर दिसतोय."

"दिसायला कुणाला हवाय? टेबलाखाली राहणार आहे तो."

त्या दुकानदाराचा मी ऋणी आहे. त्याने नियम मोडला, आणि शोभेने अंश कमी होत नाहीत हे विचारल्यावर खरे सांगितले. दोन्ही गोष्टी विकणाऱ्याकडून क्वचितच घडतात.

त्यानंतरची सहा वर्षे मी टेबलाखाली काढली. ती सुखाची होती. शाळांचे वर्ग, कापडाच्या गिरण्या, एक भलेमोठे ग्रंथालय, सगळ्यांच्या हवेची गणिते माझ्या तळाखाली झाली आणि त्यांची उष्णता मी वाहिली. आईची तर गोष्टच वेगळी. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षे ती एका यंत्रकारखान्यात सुटे भाग मोजून पास किंवा नापास ठरवत असे. कामगार तिला मागून नापासबाई म्हणत, आणि ती हे स्वतःच कौतुकाने सांगे. दर दोन महिन्यांनी ती रंगाचा मऊ कुंचला घेऊन माझ्या पत्र्यांतली धूळ झाडी आणि म्हणे, "हा बोलत नाही ते बरं आहे. घरात बोलणारे खूप आहेत."

पाचव्या वर्षी आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि मला सात महिने कोणी उघडले नाही. धुळीची गोधडी पत्र्यांवर बसली आणि माझे काम नऊ अंशांनी ढासळले. मी रागावलो नाही. घरात त्याहून मोठी काळजी होती. काठी घेऊन आई पहिल्यांदा खोलीत आली तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाली, "आधी ते उघडा. हवा कोंडल्याचा वास येतोय." सायंकाळपर्यंत ते नऊ अंश परत आले.

सहाव्या वर्षाच्या शेवटी ताईला एका रुग्णालयाचे काम मिळाले. क्षयरोग्यांच्या जुन्या वॉर्डात भिंत फोडून झरोके काढायचे होते. हवा शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे झरोके कुठे असावेत, हे ताईच्या गणिताने ठरायचे होते. चुकीच्या जागी झरोका काढला तर एका खाटेवरची हवा दुसऱ्या खाटेवर जाते. हे गणित जुन्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून नवा आला, नवा मदरबोर्ड आला.

"आता नवा कूलर," भाऊ म्हणाला.

"का? याची क्षमता दोनशे वीस वॉट आहे. नवा प्रोसेसर एकशे सत्तर टाकतो. कुठला आकडा मोठा?"

"ताई, तू भाजी घेतानाही अशीच बोलतेस का?"

"भाजीवाला सरळ उत्तर देतो."

अशा रीतीने मी दुसऱ्यांदा निवडला गेलो. नव्या बोर्डावर मला बसवण्यासाठी निर्मात्यांकडून जोडणीचा संच मागवला, त्यातले लागतील तेवढेच सुटे भाग बदलले आणि ताईने मला स्वतः बसवले. टेबलावर आडव्या संगणकाची चाचणी झाली. एकाहत्तर अंश. मग संगणक उभा केला, आणि जे झाले ते मी सुरुवातीलाच सांगितले आहे.

तो बुधवार होता. गणिताला सलग शहाण्णव तास लागणार होते. पुढच्या मंगळवारी सकाळी गवंडी वॉर्डाची भिंत फोडायला येणार होता. म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत गणित सुरू व्हायला हवे होते, नाहीतर गवंडी जुन्या नकाशावरून झरोके काढणार होता.

"आडवाच ठेव आणि सुरू कर," भाऊ म्हणाला.

"का तापतो ते माहीत नाही आणि चार दिवस त्याच्या भरवशावर राहू? दुपारी नुसता टेबलाला धक्का लागला तर चौऱ्याऐंशीवर गेला होता. तिसऱ्या दिवशी बंद पडला तर पहिल्यापासून सगळं."

तिने प्रोसेसर आणि माझा तळ यांच्यामधली थर्मल पेस्ट पुसून पुन्हा लावली. उभ्याने अठ्ठ्याण्णव. पंखे बदलले. अठ्ठ्याण्णव. कॅबिनेटचे झाकण काढले. सत्त्याण्णव. प्रत्येक आकडा तिने वहीत लिहिला. प्रत्येक ओळीबरोबर माझ्यावरचा संशय वाढत होता, आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो मलाही माझ्यावर येऊ लागला होता.

तेव्हा भावाने एक विचार मांडला. माझ्या प्रत्येक नळीत थेंबभर पाणी असते. तळाशी त्याची वाफ होते, पत्र्यांपाशी तिचे पुन्हा पाणी होते आणि ते नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. संगणक आडवा असतो तेव्हा मी त्यावर ताठ उभा असतो, पाणी आपोआप खाली उतरते. संगणक उभा केला की मी खुंटीसारखा आडवा लटकतो.

"तुझ्या म्हाताऱ्याचं अस्तर गेलं," भाऊ म्हणाला. "उभा असला की पाणी उतरतं, आडवा लटकला की जिथल्या तिथे. दिवेवाला मागवतो, सोमवारी येईल. हा भंगारात."

"सोमवारी येऊन उपयोग काय? पण तुझं म्हणणं बरोबर असू शकतं," ताई म्हणाली. "तपासू या. इस्त्री आण."

गुरुवारी सकाळी माझी परीक्षा झाली. पंखे काढले. इस्त्री दोन विटांच्या बेचक्यात उलटी ठेवून तापवली आणि आईने मला दोन्ही हातांनी तिच्यावर ताठ दाबून धरले. माझ्या टोकाच्या पत्र्यावर तापमापी होती. पन्नास अंशांपर्यंत पोचायला अठ्ठेचाळीस सेकंद. मग इस्त्री उभी ठेवली आणि आईने मला तिच्यावर आडवे दाबले. एकोणपन्नास सेकंद. दोन्ही तऱ्हा तीनतीनदा झाल्या. फरक कधीही दोन सेकंदांपेक्षा जास्त आला नाही.

"अस्तर ठणठणीत आहे," ताईने जाहीर केले. "याचा दोष नाही."

मित्रांनो, भावाचाही मी आभारी आहे. त्याचा अंदाज चुकला, पण तो तपासता येण्याजोगा होता, म्हणूनच मी सुटलो. "जुना झालाय, दुसरं काय" एवढेच तो म्हणाला असता, तर त्या वाक्याला इस्त्री लावता आली नसती. तुमच्या घरातले एखादे जुने यंत्र असे अडले, तर आधी त्याची धूळ झाडा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते लिहून ठेवा. एवढे करूनही दोष त्याचाच निघाला, तर खुशाल भंगारात द्या. माझी तक्रार नाही. तपासल्याविना मात्र देऊ नका.

मी सुटलो, पण संगणक अजून तापतच होता आणि दहा वाजले होते. आई मनगटे चोळत बसली होती.

"हात भरून आले दाबून दाबून," ती म्हणाली, आणि एकदम थांबली. "मी याला दाबून धरत होते. आत याला कोण दाबतं गं?"

"चार स्क्रू, स्प्रिंगवाले."

"पूर्ण आवळलेस?"

"पुढे फिरतच नाहीत इतके."

आईने मदरबोर्ड उजेडात धरला; प्रोसेसरवरची पेस्ट अजून पुसलेली नव्हती. ताईने कितीही पातळ पेस्ट लावली असली तरी ती चेपून आणखी पातळ व्हायला हवी होती. एका कडेला ती लावली तशीच जाड होती. आईने मदरबोर्डावर बोट नेले. ज्या पट्ट्यांना मी स्क्रूने बांधला जातो, त्या चार पोकळ नळकांड्यांवर टेकलेल्या होत्या. नळकांडी काळी होती.

"ही कुठली?"

"जुनीच. नवी करडी आली होती, ती सुटी म्हणून ठेवली. सहा वर्षं बिनतक्रार चालली होती ना ही. आणि तूच म्हणालीस, पास झालेला भाग टाकायचा नाही."

 आईने बारीक मापे घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर मागितला, एक काळे नळकांडे मोजले, एक करडे मोजले, आणि दोन्ही ताईच्या तळहातावर ठेवली.

"पास झालेला भाग कुठल्या ड्रॉइंगला पास, ते विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली. "लिही वहीत. माझी चूक."

"बसवली मी. दोघींची लिहिते."

"नापासबाई स्वतः नापास?" भावाला राहवेना. "पहिल्यांदाच!"

"दुसऱ्यांदा," आई म्हणाली. "तू झालास तेव्हा एकदा झाले होते."

नळकांडी बदलली. संगणक उभा केला. सहा मिनिटे झाली, वीस झाली, तास झाला. सत्तर अंश. भावाने दिवेवाल्याची मागणी स्वतःच रद्द केली. साडेबाराला गणित सुरू झाले आणि सोमवारी दुपारी साडेबाराला संपले. जुन्या नकाशात दोन्ही झरोके एकाच भिंतीत होते. नव्यात हवा शिरण्याचे खाली आणि बाहेर पडण्याचे समोरच्या भिंतीत वर आले. मंगळवारी गवंड्याने नव्या नकाशाप्रमाणे भिंत फोडली.

कारण असे होते. नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा बोर्डावर एक मिलिमीटर खाली बसतो, म्हणून त्याच्यासाठीची नळकांडी एक मिलिमीटर आखूड असतात. जुनी, लांब नळकांडी घातल्याने पट्ट्या एक मिलिमीटर उंच राहिल्या. स्क्रू शेवटपर्यंत फिरले, पण स्प्रिंगा दाबल्या गेल्या नाहीत. संगणक आडवा असताना माझे एक किलो तीनशे ग्रॅम वजनच मला प्रोसेसरवर दाबून धरत होते. उभा केला की त्याच वजनाने माझा तळ वरच्या कडेला प्रोसेसरपासून सुटत होता.