आगगळ्याचा गळा

मास्तर एलिएसेर यांनी जाहीर केलं, की यंदाच्या जत्रेत ज्याच्या मुखवट्यामागे गाव धावेल त्याला आपली कार्यशाळा आणि सगळे साचे देऊन टाकणार. मुखवटे घडवणारे त्यांचे शागीर्द दोनच: पुतण्या विल्बर्ट आणि माझी बायको एर्मिनिया. विषय दिला, आपल्या डोंगरातला हमिंगबर्ड.

विल्बर्टने जांभळकान्या घेतला. हुशारच तो. हा पक्षी उघड्या फांदीवर बसून दिवसभर किरकिरतो आणि कुठूनही बघा, हिरवागार झगमगतो. आमच्या बाईसाहेबांनी घेतला आगगळ्या. हा ओकच्या रानात धुक्यात राहणार, आपल्या फुलांपाशी कुणाला फिरकू देणार नाही, आणि बाजूने बघावं तर चक्क काळपट.

"अगं, गळा लालभडक रंगव की! दुरून दिसायला हवा," मी म्हटलं.

"दुरून तो दिसतच नाही. समोरून, जरा वरून बघावं लागतं."

"दोन पुरुष उंच मुखवटा वरून कोण बघणार? गिधाडं?"

"तू तुझा ढोल बडव."

वेफर्सच्या पाकिटांतला चंदेरी कागद कापून, रंगवून, त्याच्या चकत्या ती गळ्यावर आडव्या शिवत होती. रंग वरच्या अंगाला, खालून नुसती काजळी. बघून माझं डोकं फिरायचं. हातची कार्यशाळा ही बाई स्वतःच्या हट्टापायी घालवणार होती.

जत्रेच्या दिवशी आमचं वाजंत्री पथक पुढे, आत शिरून अंगावर पेलायचे ते अवाढव्य मुखवटे मागे. पोरंटोरं जांभळकान्याभोवती नाचत होती. मुखवट्याच्या घेराखाली एर्मिनिया एकटी चालत होती.

"एर्मिनिया, हा पक्षी आहे की चुलीत पडलेलं कोंबडं?" पाववाला टोरिबियो ओरडला. लोक फिदीफिदी हसले. मी ढोलावर राग काढला. रडू येत होतं मला, खोटं कशाला बोलू?

चर्चच्या पायऱ्यांपाशी प्रत्येक मुखवटा संताच्या मूर्तीपुढे गुडघे टेकतो. जांभळकान्याने टेकले, टाळ्या पडल्या. मग एर्मिनियाने टेकले. तो प्रचंड पक्षी ताठ मानेने खाली आला, गळा पायऱ्यांवर दाटलेल्या लोकांच्या नजरेखाली गेला, आणि पेटला! मध्ये तांबडा, भोवती केशरी, कडेला निळा. माझी टिपरी हवेतच राहिली. टोरिबियोने छातीवर क्रूस काढला.

ती उठली. गळा काळा. गाव हळहळलं.

"खाली बस! खाली!"

ती पुन्हा बसली. पुन्हा आग! पोरं किंचाळत तिच्याकडे धावली, मागोमाग त्यांच्या आया, मग सगळं गाव. विल्बर्टसुद्धा आपला मुखवटा उतरवून पळत आला.

"अरे, हाच तो!" तो म्हणाला. "हुबेहूब!"

मास्तर काठी टेकत पायऱ्या उतरले. डोळ्यांत पाणी होतं. "साचे तुझे, पोरी. कार्यशाळाही तुझी."

घेराखालून एर्मिनियाचा दमलेला आवाज आला, "मग आता उठू का मी? गुडघे गेले माझे!"

"नाही!" सगळं गाव एका सुरात ओरडलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी.