भुऱ्या मला कधीच भ्याला नाही

मी निळीच्या पाण्याची बाटली बोलतेय. हसू नका. तुमच्या गल्लीतही माझी एखादी बहीण फाटकाला लटकत असेल. कुत्री येऊ नयेत म्हणून. कोणी म्हणतं, कुत्र्याला पाण्यात स्वतःचं तोंड दिसतं. कोणी म्हणतं, निळ्या रंगाचं त्याला भय वाटतं. एवढी माणसं शिकली सवरली, पण पुरावा एकानेही मागितला नाही. या खोट्या समजुतीपायी जानेफळमध्ये एक बाई रोज स्वतःला शिक्षा करून घेते आहे. ती निर्दोष आहे हे जाणणारे साक्षीदार दोनच: एक कुत्रा आणि एक मी. दोघांनाही वाचा नाही. तरी मी बोलणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. गरम हवा फुंकली आणि मी फुगले; पोटात काळं, गोड, फसफसणारं पेय भरलं गेलं. उत्तमरावांचा मुलगा भागवत पुण्याहून मित्रांना घेऊन आला, तेव्हा मी या घरात आले आणि जेवणं होण्याआधीच रिकामी झाले. पाहुण्यांसाठी आणलेल्या वस्तूंची कदर तेवढ्यापुरतीच.

पण उत्तमरावांच्या पत्नी वच्छलाबाई काही फेकून देत नाहीत. त्यांनी मला धुतलं, भोवती गोणपाट शिवलं आणि पाणी भरून उत्तमरावांबरोबर शेतात धाडलं. ते माझे सुखाचे दिवस. निंबाखाली बसून उत्तमराव एक घोट स्वतः घेत आणि ओंजळभर भुऱ्यापुढे धरत. भुऱ्या म्हणजे त्यांचा गावठी कुत्रा, मातीच्या रंगाचा, एक कान मोडलेला.

मग ओसरीत नवा दिवाण आला. वच्छलाबाईंनी त्यावर स्वतः विणकाम केलेली पांढरी चादर घातली. भुऱ्याने पहिल्याच दिवशी चिखलाच्या पायांनी तिच्यावर सही केली.

"हे कुत्रं हाय का जावाई?" वच्छलाबाई कडाडल्या.

"जावायापरीस बरा हाय. मानपान त नाई मांगत."

"एक त तो राहीन या दिवाणावर, नाई त मी."

"मंग तुह्यासाठी दुसरा दिवाण पाहा लागते," उत्तमराव म्हणाले, आणि दोन दिवस त्यांना भाजी अळणी मिळाली.

तोडगा शेजारच्या जयमालाने काढला. "काकू, निळीची बाटली ठेवा. आमच्या दारात ठेवली तवापासून एक कुत्रं फिरकत नाई." जयमालाच्या दारातल्या बाटलीवर रोज पाय वर कोण करतं, ते त्या बाटलीलाच विचारावं. पण बाटलीला कोण विचारतो? माझं गोणपाट फाडलं गेलं, पोटात नीळ कालवली गेली आणि मला दिवाणाच्या मधोमध उभं केलं गेलं. शेत सुटलं. निंबाची सावली सुटली.

पहिल्याच दुपारी शेजारचं मांजर आलं. मी गार लागते म्हणून पोट माझ्या अंगाला टेकवून झोपलं. ही माझी दहशत.

वच्छलाबाई दुपारी बचत गटाच्या शेवयांच्या मशीनवर जात. त्यांची पाठ वळली की उत्तमराव मांजराला हुसकत, मला उचलून दिवाणाखाली ठेवत आणि अंगणाकडे तोंड करून म्हणत, "चाल बे, साहेब गेले ड्युटीवर." भुऱ्या एका उडीत वर, भिंतीच्या बाजूला; त्याच्या शेजारी उत्तमराव आडवे. खालून मला फळ्यांची करकर ऐकू येई आणि नंतर दोघांचं घोरणं. वच्छलाबाई यायच्या आधी उत्तमराव ओल्या हाताने चादरीवरचे केस पुसून घेत आणि मला जागेवर उभं करत. भुऱ्याही शिकला. मी वर असेपर्यंत तो दिवाणापुढे उभा राहून माझ्याकडे बघत थांबायचा. मी खाली गेले की वर चढायचं.

वच्छलाबाई येऊन चादरीवर हात फिरवत. एक केस सापडत नसे. "पाह्यलं? बाटलीनं काम केलं."

"हाव ना," उत्तमराव पडलेल्या चेहऱ्याने म्हणत. "भेते बिचारं तुह्या बाटलीले. माह्याजवळबी येत नाई आता."

गंमतच होती ती. संसारात इतक्या वर्षांनी उरलेली खोडी. वर्षभर त्यांनी ती चालवली. एक दिवस सांगून टाकू आणि खो खो हसू, असंच त्यांच्या मनात असणार.

तो दिवस आला नाही. सोयाबीनच्या कापणीत उत्तमराव शेतातच कोसळले. त्यांचं शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर करणाऱ्या दयारामने त्यांना मेहकरच्या दवाखान्यात नेलं. परत आणलं ते पांढऱ्या कपड्यात. भुऱ्या शेतावरच राहिला, दयारामच्या झोपडीपाशी. भागवत आला, दिवस करून पुण्याला गेला. दुपारी घरात वच्छलाबाई आणि मी. त्या मशीनवर जात नाहीत. उंबऱ्यात बसतात आणि माझ्याकडे बघतात. दिवाणावर कोणीच बसत नाही. ज्याच्यासाठी एवढं भांडण झालं, त्याच्यावर आता मी एकटी उभी आहे.

"काकू, आता तरी काढा ते," जयमाला म्हणाली. "कुत्रंबी नाई घरात."

"राहू दे. माह्या डोयापुढं राहू दे. तोंडानं बोलले होते ते, माह्याजवळबी येत नाई म्हणून. शेवटचं वरीस त्याइच्यापासून कुत्रं तोडलं म्या."

ऐकलंत? हे खोटं आहे. मला ओरडून सांगायचं होतं. बाटलीचं तोंड झाकणाने बंद असतं.

परवा बाजाराच्या दिवशी दयाराम भुऱ्याला घेऊन आला. भुऱ्याने वच्छलाबाईंचे हात चाटले, ओसरीभर हुंगत फिरला आणि दिवाणापुढे येऊन उभा राहिला. नजर माझ्यावर. शेपूट हळूहळू हलत होतं. तो वाट बघत होता, कोणीतरी मला खाली ठेवण्याची.

"पाह्य दयाराम," वच्छलाबाई म्हणाल्या. "अजून भेते त्या बाटलीले."

"भेऊन नाई राह्यला काकू. पाहून राह्यला."

"माह्यी करणी पाहून राह्यला. ने बापा त्याले. मले नाई पाहावत."

त्या आत गेल्या. दयाराम भुऱ्याला ओढत घेऊन गेला. एका हाताचं काम होतं, आणि तो हात कोणी पुढे केला नाही.

माझी नीळ आता तळाला बसली आहे. वरचं पाणी नितळ झालंय. मला भंगारात द्या, हरकत नाही. पण पुढच्या बाजाराला दयाराम पुन्हा येईल, भुऱ्या त्याच्या मागे असेल. त्या वेळी तुमच्यापैकी कोणी या घरावरून जात असाल, तर आत या. कुत्र्यांबद्दल, निळीबद्दल भाषण नको. मला उचला, दिवाणाखाली ठेवा आणि बाजूला सरा. भुऱ्या एका उडीत वर चढेल, भिंतीकडे सरकेल आणि एका माणसापुरती जागा मोकळी ठेवून झोपेल. त्या वेळी वच्छलाबाई ओसरीत असतील, एवढं मात्र बघा.