इवायाला मारायची बुक्की

नत्थुजींना पिवळा पट्टा हवा होता. पातूरच्या मळ्यात त्यांनी जन्मभर झेंडू पिकवला. ओंजळीओंजळीनं तो देवांच्या, नवरदेवांच्या, नव्याकोऱ्या ट्रॅक्टरांच्या गळ्यात घातला. स्वतःच्या अंगाला मात्र लग्नातल्या हळदीनंतर पिवळं असं काही लागलंच नव्हतं. म्हणून अकोल्याच्या बाजारात फुलं उतरवली की ते थेट लेकीच्या कराटे वर्गात जाऊन उभे राहत.

लेक आरती शाळेच्या मैदानावर मोठ्या माणसांचा वर्ग घेई. पाठ धरली म्हणून आलेले नत्थुजी तिथेच रमले. गुडघे वाकवून उभे राहिले की वाफ्यात रोवल्यासारखे हलत नसत. हवेत बुक्की अशी मारत की कौलांवरचे पारवे उडत. अडचण एकच होती. हवा कुणाची नातेवाईक नसते, आणि परीक्षेत समोर जोडीदार असतो. वयाला वय आणि ढेरीला ढेरी जुळवून आरतीनं त्यांना जोडीदार दिला तो तिचा सासरा, शालिकरामजी. म्हणजे नत्थुजींचे इवाई!

मुलीच्या बापानं इवायाला पाटावर बसवावं, वाढताना तूप त्याच्या पानात आधी पडावं. त्याच्या नाकावर बुक्की मारायची? मागच्या परीक्षेत नत्थुजींची बुक्की निघाली खरी, पण अर्ध्या वाटेत उघडली आणि तिचा नमस्कार झाला. नापास.

आज परत परीक्षा होती. परतवाड्याहून दामिनी मॅडम आल्या होत्या. वयानं आरतीएवढ्या, नजर मात्र विळ्यासारखी.

"मारा," त्या म्हणाल्या.

नत्थुजींनी आरोळी ठोकली, पाऊल टाकलं, आणि बुक्की शालिकरामजींच्या कानाजवळून माशी हाकलल्यासारखी निघून गेली.

"काका, नाक मधे असतं."

"ठाऊक हाय जी. पन ते इवायाचं हाय न."

शालिकरामजी वैतागले. "मारा न जी इवाई! अडवतो म्हनलं मी! हात वर करू करू खांदा गेला माहा, अन् तुमी माशा हाकलून राह्यले!"

"तुमच्यावर हात उगारू? लेक नांदते माही तुमच्या घरी."

"लेक तुमची मले पहाटी उठोते, उठाबशा काढाले लावते! कोन कोनाच्या घरी नांदून राह्यलं, इचारा तिले!"

आरतीनं आकाशात काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखं वर पाहिलं.

दामिनी मॅडम जवळ आल्या. "काका, खोटी बुक्की मारली तर समोरचा खोटंच अडवायला शिकतो. इथे खरी मारणं हाच मान. आता शेवटची संधी."

शालिकरामजींनी डिवचून पाहिलं. "लग्नात वांग्याची भाजी आळनी होती तुमची!"

नत्थुजींचे हात जुळले. "चुकलं जी. तवाच सांगतलं असतं, तं मीठ घेऊन धावलो असतो."

पायऱ्यांवर दोघांच्या बायका, कौशल्याबाई आणि पार्बताबाई या एकमेकींच्या ईनबाई, डबे घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याचे जुळलेले हात पाहून कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पाठोपाठ संताप आला, आणि संतापातून गाणं आलं. मांडवातल्या गाण्यात इवायाला काहीही म्हणता येतं. राग धरायचा नसतो, तशी रीतच आहे. डब्याच्या झाकणावर ठेका धरून त्या सुरू झाल्या:

"इवाई बसला पंगतीले बाई, मिशीले मारून पीळ,
वरन गिळलं, भात गिळला, आता पत्रावळ गिळ!"

मैदान हसलं. पार्बताबाई काय गप्प बसतात! त्यांनी पदर खोचला:

"इवाई आला मळ्यातून बाई, खिशात झेंडूची फुलं,
दुरून दाखवते बुक्की बाई, जवळ यायचं भुलं!"

नत्थुजींच्या पायांखाली जणू मांडव आला. खांदे सैल झाले. लग्नात मुलीचा बाप म्हणून ते कोपऱ्यात हात जोडून उभे होते, तेव्हा असंच गाणं दुरून ऐकलं होतं. आज ते गाण्याच्या मधोमध होते. ठेका पडला, पाऊल पडलं, आणि "भुलं"वर बुक्की सरळ नाकावर गेली.

अडवायचा हात कुठे होता? शालिकरामजी त्याच हातानं बायकोच्या गाण्याला मांडीवर ताल देत होते.

पुक्!

नाक शाबूत होतं, फक्त लाल झालं. दामिनी मॅडमनी निकाल सांगितला. नत्थुजी पास, शालिकरामजी नापास.

नत्थुजी गडबडले. "म्याडम, उलटं नाई होत काय? त्यायले पास करा, मी राहतो मांगं."

"खबरदार!" शालिकरामजी रुमालाआडून गरजले. "एवढी बुक्की खाल्ली मी, ते वाया घालोता काय?"

आरतीनं बापाच्या कमरेला पिवळा पट्टा बांधला. तिच्या बोटांना गाठ लवकर जमेना. मग ती मागे सरली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "पांढऱ्या पट्ट्यानं पिवळ्याले वाकून नमस्कार करावा."

शालिकरामजी वाकले. नत्थुजी घाईघाईनं त्यांच्या पायांकडे निघाले.

"बाबा! ताठ!"

ते ताठ झाले. कान झेंडूच्या केशरी फुलासारखे पेटले. समोर इवाई वाकलेले, दोन्ही ईनबाई पायऱ्यांवर डोळे मोठे करून बसलेल्या.

"मान हालवा न जी लवकर," खालून आवाज आला, "तुमी मान हालवल्याबिगर उठता येत नाई मले. कंबर धरली माही!"

नत्थुजींनी मान हलवली. पण जराशीच.